ऑइलचा लाल दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही

डॅशबोर्डवर किटलीचं एक लाल चित्र असतं, तोटीतून थेंब पडत असलेलं. गाडी वापरणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी की हा दिवा लागला म्हणजे ऑइल थोडं कमी झालं, रविवारी सवड काढून टाकून घेऊ. ही समजूत इंजिनच्या जिवावर बेतते. हा दिवा ऑइलच्या पातळीचा नाही, दाबाचा आहे. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, चार लिटर ऑइल आहे की दोन, हे त्याला कळतच नाही. इंजिनच्या ब्लॉकवर एक छोटा स्विच असतो. ऑइलचा दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली उतरला की तो दिवा पेटवतो. हायवेवर चालणाऱ्या गरम इंजिनात हाच दाब सहसा २ ते ५ बार असतो. म्हणजे दिवा पेटतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो, आणि पुढचा हिशेब दिवसांचा नसून सेकंदांचा असतो.

हे सगळं सात-आठ सीटच्या मिनीव्हॅनच्या निमित्ताने सांगायचं कारण म्हणजे या गाडीचं रोजचं आयुष्य. अमेरिकेत न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियातल्या बे एरियापर्यंत कितीतरी मराठी घरांत टोयोटा सिएना किंवा होंडा ऑडिसी असते. मुलं झाली, भारतातून आईबाबा राहायला येऊ लागले की पाच सीटची गाडी पुरत नाही. मग ही व्हॅन आठवडाभर शाळा, डे-केअर, किराणा, पोहण्याचा क्लास अशा दोन-तीन मैलांच्या फेऱ्या मारते. इंजिन पुरतं गरम होण्याआधीच बंद होतं. आणि उन्हाळ्यात तीच गाडी सात माणसं आणि छतावर सामान घेऊन न्यू जर्सीतल्या एडिसनहून नायगाराला, साधारण ४०० मैल, एका दमात पळवली जाते. ऑइलला या दोन्ही टोकांचा त्रास होतो. शिवाय या गाड्या लोक पंधरा-पंधरा वर्षं वापरतात, त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जातात, आणि पंपावर फक्त पेट्रोल भरून निघायची सवय झाली की बॉनेट उघडायचं कारणच उरत नाही.

ऑइल नेमकं करतं काय?

पावसाळ्यात एक्स्प्रेसवेवर साचलेल्या पाण्यातून वेगात गेलं की टायर रस्ता सोडतो आणि पाण्याच्या थरावर उचलला जातो. टायरसाठी हे संकट आहे, पण इंजिनच्या बेअरिंगमध्ये हेच मुद्दाम घडवून आणलेलं असतं. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याचं बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते. त्या फटीत ऑइल असतं, आणि शाफ्ट फिरू लागला की तो स्वतःच्या फिरण्याने ऑइल खेचून घेऊन त्याच्या थरावर तरंगतो. इंजिन नीट चालू असताना धातूला धातू लागतच नाही. पंपाचं काम एवढंच की त्या फटीत ऑइल कमी पडू द्यायचं नाही. वजन पेलणारा थर फिरण्यातून तयार होतो.

म्हणून ऑइलचा पुरवठा तुटला की इंजिन हळूहळू झिजत बसत नाही. थर फाटतो, बेअरिंगचा मऊ धातू घासून वितळतो, खालून ठोके ऐकू येऊ लागतात आणि गाडी तशीच दामटली तर इंजिन सीज होतं किंवा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. त्यानंतर दुरुस्ती नसते, दुसरं इंजिन बसवणं असतं.

ऑइलला आणखीही कामं असतात. ते पिस्टनची उष्णता वाहून नेतं, पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि सिलिंडरमधली बारीक फट भरून काढतं, आणि ज्वलनातून येणारी काजळी स्वतःत तरंगत ठेवतं. या शेवटच्या कामासाठी त्यात डिटर्जंट आणि डिस्पर्संट जातीची रसायनं मिसळलेली असतात. ती काजळीच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. ही रसायनं वापरात खर्च होतात. ऑइल 'जुनं' होतं ते मुख्यतः या अर्थाने. नुसतं काळं झालं म्हणून ते वाईट ठरत नाही. उलट काळं ऑइल म्हणजे घाण उचलून धरणारं ऑइल. डिझेल इनोव्हात तर नवं ऑइल घातल्यावर थोड्याच दिवसांत काळं दिसतं, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

२००० सालानंतरच्या बहुतेक इंजिनांत ऑइलवर आणखी एक जबाबदारी आली. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडा पुढे-मागे फिरवून व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलायची, हे काम ऑइलच्या दाबावर चालतं. टोयोटा त्याला व्हीव्हीटी-आय म्हणते. त्यामुळे ऑइल जास्त बारीक वाटांनी, जास्त नळ्यांतून फिरू लागलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

घट्ट झालेलं ऑइल

१९९७ ते २००२ या काळातल्या टोयोटा आणि लेक्ससच्या गाड्यांमध्ये जे झालं ते या विषयातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. ३.० लिटरचं सहा सिलिंडरचं १एमझेड-एफई आणि २.२ लिटरचं चार सिलिंडरचं ५एस-एफई ही दोन इंजिनं त्यात होती. पहिल्या पिढीच्या सिएनातल्या १९९८ ते २००२ च्या गाड्यांत यातलं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. काही मालकांच्या गाड्या निळा धूर सोडू लागल्या, काहींचा ऑइलचा दिवा लागला, काहींची इंजिनं थेट बसली. इंजिनवरचं टॅपेट कव्हर उघडलं तर आत कॅमशाफ्टभोवती काळा, घट्ट, खरवडून काढावा लागेल असा गाळ.

असं होतं कसं? ऑइल हवेत तापत राहिलं की त्याचं ऑक्सिडेशन होतं. तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. त्यात भर पडते ती सिलिंडरमधून रिंगांच्या फटीने खाली निसटणाऱ्या वायूंची. या वायूंत पाण्याची वाफ, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड असतात. इंजिन चांगलं तापून अर्धा-पाऊण तास चाललं तर पाणी आणि पेट्रोल वाफ होऊन, इंजिनातले असे वायू काढून घेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हमधून बाहेर खेचलं जातं. पण दोन मैलांवरच्या शाळेपर्यंतच गाडी गेली तर ते ऑइलमध्येच राहतं. हिवाळ्यात बर्फ पडत असताना तर हमखास. आतली रसायनं आम्ल आणि काजळी सांभाळता सांभाळता थकतात, आणि एकदा ती संपली की ऑइल पातळ राहत नाही, जागोजागी थिजू लागतं.

गाळ नुसता साचून बसला असता तर एवढं बिघडलं नसतं. पण सिलिंडर हेडमधून ऑइल परत चेंबरमध्ये उतरण्यासाठी भोकं असतात, ती या गाळाने बुजतात. ऑइल वरच अडकून बसतं, व्हॉल्व्हच्या सीलवरून आत झिरपतं आणि जळतं. हाच तो निळा धूर. त्याच वेळी गाळाचे तुकडे खाली चेंबरमधल्या स्ट्रेनरच्या जाळीवर येऊन बसतात. पंप तिथूनच ऑइल ओढतो. जाळी अर्धीअधिक बुजली की पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाही. अशा गाडीची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढली तर ऑइल भरपूर दिसू शकतं, आणि तरी बेअरिंग कोरडं पडत असतं.

टोयोटाने २००२ मध्ये ग्राहकांसाठी विशेष योजना जाहीर केली. त्यात सुमारे ३३ लाख गाड्या येत होत्या. पहिल्या विक्रीपासून ८ वर्षांपर्यंत, गाडी कितीही मैल चाललेली असली तरी, गाळामुळे झालेलं नुकसान कंपनी भरून देणार होती. अट एवढी की मालकाने ऑइल वेळोवेळी बदलल्याचा वाजवी पुरावा द्यावा. कंपनीचं म्हणणं होतं की ऑइल वेळेवर न बदलल्याने हे झालं. मालकांचं म्हणणं होतं की आम्ही वेळेवर बदलत होतो, दोष इंजिनच्या रचनेत आहे. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००७ मध्ये समेट झाला.

मला यात दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. एकाच शहरात, एकाच प्रकारे वापरलेल्या दुसऱ्या बनावटीच्या इंजिनांत एवढा गाळ होत नसेल तर ते इंजिन चूक पोटात घालणारं नव्हतं, हे मान्य करावं लागतं. पण त्याच इंजिनाच्या ज्या गाड्यांचं ऑइल ४,०००-५,००० मैलांना न चुकता बदललं गेलं त्यांतल्या अनेक तीन लाख मैलांकडेही गेल्या. त्या काळी टोयोटाच्या पुस्तिकेत सामान्य वापरासाठी ७,५०० मैलांचा टप्पा दिलेला असायचा, आणि 'कठीण वापरा'साठी कमी. कठीण वापर म्हणजे डोंगर चढणं किंवा वाळवंट तुडवणं असं आपल्याला वाटतं. पुस्तिकेत मात्र गोठवणाऱ्या थंडीतल्या छोट्या छोट्या फेऱ्याही त्यातच धरलेल्या असतात. शाळेला सोडणारी प्रत्येक व्हॅन त्यात बसते. हे वाक्य मालकांच्या डोळ्यांसमोर ठळक यायला हवं होतं, ते पुस्तिकेत मागे कुठेतरी पडून राहिलं. पुढे कंपनीने सगळ्यांसाठीच टप्पा ५,००० मैल किंवा ६ महिने असा खाली आणला.

तुमच्या गाडीत गाळ आहे का हे घरच्या घरी बघता येतं. ऑइल टाकायचं झाकण काढा आणि आत टॉर्च मारा. धातू उघडा किंवा हलका तपकिरी दिसला तर ठीक. भिंतींवर काळा थर दिसला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तो उकरला गेला, तर गाळ धरलाय. झाकणाच्या आत दुधाळ, पिवळट फेस हिवाळ्यात दिसला तर बहुधा ती नुसती वाफ असते, गाडी तासभर हायवेला नेली की जाते. मात्र डिपस्टिकवरही ऑइल दुधाळ दिसत असेल तर कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय. गाडी चालवू नका.

गाळ धरलेल्या इंजिनात बाजारातलं जोरकस फ्लशिंग टाकायची घाई नको. ते गाळाचे मोठे तुकडे एकदम सुटे करतं आणि ते जाऊन बसतात नेमके स्ट्रेनरवर. त्यापेक्षा चेंबर खोलून जाळी साफ करून घ्यावी, आणि चांगलं सिंथेटिक ऑइल व फिल्टर काही वेळा लवकर लवकर बदलावा. यात वेळ जातो, पण इंजिन वाचायची शक्यता जास्त.

एका रबरी नळीची गोष्ट

सिएनाचं पुढचं इंजिन, ३.५ लिटरचं २जीआर-एफई, गाळाच्या बाबतीत बरंच सुधारलेलं. पण २००७ ते २०१० च्या सिएनात आणि त्याच इंजिनाच्या इतर काही गाड्यांत वेगळीच भानगड निघाली. कॅमशाफ्टची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेला ऑइल पोचवणारी एक नळी फायरवॉलकडच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीकडच्या बाजूला होती. तिची दोन्ही टोकं धातूची आणि मधला तुकडा रबराचा. उष्णतेने तो रबर चिरायचा.

ही नळी दाबाखाली असते हे लक्षात घ्या. ती झिरपत नाही, फुटते. या इंजिनात सहा लिटरच्या आसपास ऑइल बसतं, आणि पंप स्वतःच ते बाहेर फेकू लागतो. सकाळी डिपस्टिक काढून बघितली असेल, ऑइल काठोकाठ असेल, सर्व्हिसिंग वेळेवर झालेलं असेल, तरी इथे उपयोग नाही. या एका प्रकारात लाल दिवा हीच मालकाला मिळणारी बहुधा एकमेव सूचना, आणि ती मिळाल्यावर पुढच्या एक्झिटपर्यंत जाण्याइतकाही वेळ नसतो.

टोयोटाने मोहीम काढून या नळ्या ठरावीक मुदतीपर्यंत फुकट बदलून दिल्या, आणि शेवटी अखंड धातूची नळी हा पक्का उपाय ठरला. मुदत संपल्यावर हात बदललेल्या गाड्यांमध्ये जुनी नळी अजूनही असू शकते. त्या वर्षांची सिएना घेणार असाल तर डीलरला व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, देऊन हे काम झालंय का विचारा, किंवा ओळखीच्या मेकॅनिकला टॉर्च घेऊन बघायला लावा. रबर दिसला तर आधी ती नळी, मग बाकी सगळं.

ऑइल पिणारी ऑडिसी

होंडाने २००५ च्या ऑडिसीत, वरच्या मॉडेल्समध्ये, एक चांगली कल्पना आणली आणि २०११ पासून ती सगळ्या ऑडिसींना दिली. हायवेवर एकसारख्या वेगाने जाताना सहाही सिलिंडरची गरज नसते. मग काही सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद ठेवायचे, पेट्रोल द्यायचं नाही, आणि इंधन वाचवायचं. या यंत्रणेचं नाव व्हीसीएम. तीन सिलिंडर चालू किंवा, नंतरच्या रचनेत, चार चालू.

बंद सिलिंडरचा पिस्टन मात्र वर-खाली होतच राहतो. ज्वलन होत असतं तेव्हा वायूचा दाब रिंगांना भिंतीवर घट्ट बसवतो. ज्वलनच नसेल तर तो आधार जातो, तापमानही उतरतं, आणि ऑइल वर सरकायला वाव मिळतो. होंडाच्या सर्व्हिस सूचनेत आणखी एक कारण दिलं होतं: पिस्टनच्या रिंगा फिरून त्यांच्या फटी एका रेषेत येतात आणि तिथून ऑइल थेट वर चढतं. ते स्पार्क प्लगवर बसतं, प्लग ठिणगी देईनासा होतो, गाडी झटके देते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. बिघाडाचे कोड येतात पी०३०१ ते पी०३०४, म्हणजे पहिला ते चौथा सिलिंडर. बंद पडणारे सिलिंडर हेच. २०१३ मध्ये होंडाने एका सामूहिक दाव्यात समेट केला आणि २००८ ते २०१३ च्या ऑडिसीसह काही गाड्यांना या बिघाडासाठी ८ वर्षांची हमी दिली. तोवर काही मालकांनी कूलंटच्या सेन्सरच्या वायरीत छोटं उपकरण बसवून व्हीसीएम सुरूच होऊ न देण्याचा मार्ग काढला होता. इंजिन अजून पुरेसं गरम नाही असं कॉम्प्युटरला वाटत राहतं आणि तो सिलिंडर बंद करत नाही. हमी शिल्लक असलेल्या गाडीत हे करण्याआधी नीट विचार करावा.

या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट वेगळी आहे. १,००० मैलांमागे एक क्वार्ट, म्हणजे जवळजवळ एक लिटर, ऑइल कमी होणं अमेरिकेत अनेकदा 'नॉर्मल' मर्यादेत धरलं जातं. आता हिशेब करा. ऑडिसीच्या इंजिनात फिल्टरसकट साधारण ४.३ लिटर ऑइल बसतं. या 'नॉर्मल' वेगाने ३,००० मैलांवर त्यातलं २.८ लिटर गेलेलं असेल. उरलं दीड लिटर. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ते चेंबरच्या एका कडेला जातं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. त्या क्षणी लाल दिवा लुकलुकून विझतो. चालवणारा म्हणतो, 'काहीतरी वायरिंगचं असेल.'

आणि त्याच वेळी डॅशबोर्डवर ऑइल लाइफ मात्र अजून भरपूर शिल्लक दाखवत असू शकतं. तो आकडा इंजिन किती फिरलं, किती तापलं, किती काळ गेला यावरून काढलेला असतो. ऑइलचा दर्जा किती टिकला असेल याचा तो अंदाज आहे. ऑइल आत आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. लाल दिवा पातळी बघत नाही, टक्केवारीही पातळी बघत नाही. काही गाड्यांत पातळीचा वेगळा पिवळा दिवा असतो, पण तो तुमच्या गाडीत आहे असं गृहीत धरू नका. पातळी बघते ती डिपस्टिक.

गळती, आणि चुकीच्या जागी शोधलेली गळती

डॉज ग्रँड कॅराव्हॅन आणि क्रायस्लर टाउन अँड कंट्री यांना २०११ पासून ३.६ लिटरचं पेंटास्टार इंजिन आलं. त्याचा ऑइल फिल्टर वरून बदलता येतो, हात काळे होत नाहीत, ही सोय चांगली. पण फिल्टर आणि ऑइल कूलर धरणारा भाग प्लॅस्टिकचा, आणि तो बसतो सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली. तिथे प्रचंड उष्णता. काही वर्षांनी प्लॅस्टिकला तडा जातो किंवा सील कडक होतात, आणि ऑइल त्या खोबणीत साचू लागतं.

साचून साचून ते मागच्या बाजूने खाली वाहतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब थेंब गळतं. गाडी लिफ्टवर घेणाऱ्याला वाटतं, क्रँकशाफ्टचं मागचं सील गेलं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, कोटेशन मोठं येतं, मालक पैसे भरतो, आणि गळती चालूच राहते. पेंटास्टारच्या गाडीला मागून ऑइल गळत असेल तर गिअरबॉक्सला हात लावण्याआधी वरून खोबणीत टॉर्च मारून बघायला सांगा. ऑइलचं तळं दिसलं तर दोषी सापडला. तो भाग बदलताना ॲल्युमिनियमचा पर्याय मिळतो, मला तोच शहाणपणाचा वाटतो. आणि फिल्टरचं झाकण जोर लावून आवळू नये. त्याला ठरलेला टॉर्क आहे, २५ न्यूटन-मीटर.

आपल्याकडच्या गाड्या

महाराष्ट्रात आणि गोव्यात या वर्गात इनोव्हा, एर्टिगा, कॅरेन्स अशा गाड्या येतात. दिव्याचा आणि डिपस्टिकचा नियम त्यांना तसाच लागू. दोन गोष्टी मात्र आपल्याकडे जास्त जपायच्या.

एक म्हणजे बीएस-६ डिझेल. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ आला. तो साफ करायला इंजिन मधूनमधून जादा डिझेल देऊन एक्झॉस्ट तापवतं. गाडी ठाण्यात किंवा पुण्यात सिग्नल-सिग्नल करतच फिरत असेल तर ही सफाई अर्धवट राहते, पुन्हा पुन्हा सुरू होते, आणि त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं. मग डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. कमाल खुणेच्या वर गेलेलं आणि डिझेलचा वास येणारं ऑइल पातळ झालेलं असतं, ते बदलायलाच हवं. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी हायवेवर अर्धा तास एकसारखी पळू द्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे खालून लागणारा मार. भरलेली गाडी उंच गतिरोधकावर किंवा पावसाने उखडलेल्या घाटरस्त्यावर टेकली की चेंबरला चीर पडू शकते. खालून 'खण्ण' आवाज आला तर पुढच्या सुरक्षित जागी थांबून खाली वाकून बघा. थेंब पडताना दिसले तर गाडी तिथेच.

नकली ऑइलबद्दल एक वाक्य पुरे: सील तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला लावा आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो टाका, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही.

डिपस्टिक बघण्याची पद्धत

गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केलेलं, आणि मध्ये पाच-दहा मिनिटं गेलेली. ऑइल खाली उतरायला एवढा वेळ लागतो. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते खरं नसतं, वरून शिंतोडे उडालेले असतात. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचं. खालच्या खुणेजवळ असेल तर अर्धा लिटर टाका, थांबा, पुन्हा बघा. कमाल खुणेच्या वर भरू नका. फिरता क्रँकशाफ्ट जास्तीचं ऑइल घुसळून त्यात हवा मिसळतो, आणि हवा मिसळलेलं ऑइल बेअरिंगचा थर धरू शकत नाही.

महिन्यातून दोनदा एवढं केलं आणि किती मैलांवर किती टाकलं हे फोनमध्ये लिहून ठेवलं, की गाडी ऑइल खाते का, किती खाते, वाढतंय का, हे तुम्हाला गॅरेजवाल्याआधी कळतं. हमीसाठी भांडायची वेळ आली तर हीच नोंद आणि पावत्या कामाला येतात.

दिवा चालू गाडीत लागलाच तर कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. घर जवळ आहे, मुलं मागे आहेत, पाऊस आहे, यातलं काहीही असलं तरी. इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत जाते, म्हणून बंद करायचं ते गाडी थांबल्यावर. डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल आणि खाली गळतीचं तळं नसेल तर ऑइल टाकून सुरू करा. काही सेकंदांत दिवा विझला आणि ठोक्यांचा आवाज नसेल तरच गाडी हलवा. ऑइल पुरेसं असूनही दिवा लागला असेल तर सुरूच करू नका, टो करून न्या. गॅरेजमध्ये 'इंजिन खोलावं लागेल' म्हणाले तर आधी दाबाचा स्विच काढून त्याच जागी गेज लावून खरा दाब मोजायला सांगा. कधीकधी दोष फक्त त्या स्वस्तातल्या स्विचमध्ये असतो.

जुनी व्हॅन घेताना ती थंड इंजिनावरच सुरू करून बघा. सुरू होताच खालून ठोके येतात का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, दिवा विझायला वेळ लागतो का, हे पहिल्या काही सेकंदांतच दिसतं आणि गरम इंजिनात लपतं. मग झाकण काढून टॉर्च मारा, ऑइल बदलल्याच्या पावत्या मागा, आणि दोन पावत्यांमधले मैल वजा करून बघा. तुम्ही पोचायच्या आधीच विक्रेत्याने इंजिन तापवून ठेवलेलं असेल, तर त्या दिवशी सौदा करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, पुन्हा जा.